काटेसाहेब आणि ‘अ लिट्ल’ ट्रबल

फोन विहीणबाईंचा होता, थेट समुद्रापलीकडून आलेला, म्हणून काटेसाहेबांनी तो उभं राहून घेतला. बसून घेतला असता तरी पलीकडे कोणाला दिसणार नव्हतं, पण काही माणसांचा आदर गुडघ्यांतून सुरू होतो.

“वी आर कमिंग फॉर अ फ्यू डेज,” विहीणबाई म्हणाल्या. “विथ सम लगेज. अँड अ लिट्ल समथिंग फॉर यू.”

“व्हेरी गुड. नोटेड,” असं म्हणून काटेसाहेबांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. चेहरा असा झाला होता की स्वयंपाकघरातून हात पुसत आलेल्या काकूंना वाटलं, तिकडे कोणीतरी गेलं.

“काय झालं हो?”

“येतायत.”

“मग चांगलंच आहे की! किती दिवस?”

“अ फ्यू.”

“म्हणजे किती?”

“तेच तर बाईंनी सांगितलं नाही!” काटेसाहेब कळवळून म्हणाले. “दिवस ‘अ फ्यू’, सामान ‘सम’, आणि आपल्यासाठी काहीतरी आणतायत ते ‘अ लिट्ल’. एका फोनमध्ये तीन मापं, आणि एकावरही आकडा नाही.”

इथे सांगायला हवं की काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. ते नाव त्यांना बाजारपेठेनं दिलं होतं. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी जन्म काढला. तराजूचा काटा मधोमध येऊन स्थिर होईपर्यंत ते श्वाससुद्धा सोडत नसत, न जाणो पारडं हलायचं. लिटरच्या मापाला आतून पोचा मारणारे, वजनाच्या बुडातलं शिसं काढणारे, असे कित्येक जण त्यांनी हातोहात पकडले होते. ‘साधारण’, ‘जवळपास’, ‘अंदाजे’ हे शब्द त्यांच्या कानाला शिवीसारखे लागत.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं असं नाही. चांगलं येत होतं, पण ते खात्याचं इंग्रजी होतं. ‘द अफोरसेड वेट वॉज फाउंड टू बी डिफिशंट’ हे वाक्य ते झोपेतून उठवलं तरी बिनचूक म्हणून दाखवत. त्या इंग्रजीत प्रत्येक गोष्टीपुढे आकडा असे, आकड्यापुढे एकक असे आणि खाली सही असे. दुकानात ‘सम किलो’ साखर सापडली, असा पंचनामा कोणी वाचला आहे का?

“एवढं काय त्यात?” काकू म्हणाल्या. “संध्याकाळी सूनबाई आली की विचारा. तिची आई आहे, ती सांगेल.”

“सुनेला विचारू? तुझ्या आईचं इंग्रजी मला कळलं नाही म्हणून सांगू?”

झालं. तो दरवाजा बंद झाला. सूनबाई त्याच घरात राहत होती. परदेशात शिकायला गेलेल्या मुलानं तिकडेच लग्न केलं, आणि वर्षापूर्वी दोघं इकडे राहायला आली. ती जनावरांची डॉक्टर. आल्यापासून हट्टानं मराठी शिकली आणि बोलायलाही लागली, त्यामुळे काटेसाहेबांवर घरात इंग्रजी बोलायची वेळच आली नव्हती. तिचे आईवडील मात्र पहिल्यांदाच येत होते. मुलगी सुखात आहे का, हे बघायला येत होते. तसं कोणी बोललं नव्हतं, पण तपासणी न सांगता येते हे काटेसाहेबांपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? आयुष्यभर ते लोकांची दुकानं तपासत आले होते. आता पहिल्यांदाच त्यांचं दुकान तपासलं जाणार होतं.

म्हणून त्यांनी ठरवलं की पाहुणे येईपर्यंत इंग्रजीतले हे बिनआकड्याचे शब्द पक्के करायचे. काम लहानसंच होतं. सहा-सात शब्द, त्यांना काय लागतं?

वरच्या मजल्यावर इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका राहत. त्यांना सगळी इमारत ‘बाई’ म्हणे. काटेसाहेब वर गेले, तर तिथे तळमजल्यावरचे गृहस्थ आधीच चहा पीत बसलेले. हे गृहस्थ एकदा अकरा दिवस परदेशी जाऊन आले होते आणि त्या अकरा दिवसांवर त्यांनी पुढची सगळी वर्षं काढली होती. त्यांच्या पाठीमागे लोक त्यांना ‘अकरा दिवस’ म्हणत. त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांना आनंदच झाला असता.

“बाई, ‘अ फ्यू’ म्हणजे नक्की किती?” काटेसाहेबांनी विचारलं.

“थोडे.”

“थोडे म्हणजे?”

“फार नाहीत ते.”

“तीन?”

“तीन असू शकतात.”

“सहा?”

“सहाही चालतील. कशाचे आहेत त्यावर आहे. पेल्यातल्या मुंग्या असतील तर तीन फार झाल्या.”

काटेसाहेबांनी डोळे मिटून घेतले. हेच वाक्य एखाद्या दुकानदारानं ऐकवलं असतं, तर त्यांनी जागच्या जागी गल्ल्याला सील ठोकलं असतं.

“खरी गोम वेगळीच आहे,” बाई रंगात येऊन म्हणाल्या. “शब्दाआधी ‘अ’ आहे की नाही ते बघायचं. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे आहेत. नुसतं ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच. ‘अ लिट्ल’ म्हणजे थोडंसं आहे. नुसतं ‘लिट्ल’ म्हणजे नसल्यातच जमा. ‘अ’ लागला की होकार, ‘अ’ गेला की नकार. सगळा खेळ त्या एका ‘अ’चा.”

“नियम सोडा हो बाई,” अकरा दिवस मध्येच म्हणाले. “मी तिकडे होतो तेव्हा बघितलंय ना. ‘अ’ लावला की कसं गोड वाटतं. ‘अ लिट्ल टी’, ‘अ फ्यू फ्रेंड्स’. नुसतं ‘लिट्ल’ म्हणजे खेकसल्यासारखं. काटेसाहेब, पाहुण्यांसमोर ‘अ’ची कंजुषी करू नका. सढळ हातानं लावा.”

“अहो, पण अर्थ उलटा होईल!” बाई म्हणाल्या.

“अर्थाचं काय घेऊन बसलात? भाव बघतात माणसं.”

काटेसाहेब जिना उतरता उतरता विचार करत राहिले. बाईंचा नियम चोख होता, पण अकरा दिवसांचा अनुभव प्रत्यक्ष तिकडचा होता. शिवाय दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं: ‘अ’ म्हणजे होकार. आणि व्याही पहिल्यांदा घरी येत असताना नकारी शब्द तोंडातून काढायचाच कशाला? दारात पाय ठेवायच्या आतच ठरलं, ‘अ’ लावायचा. प्रत्येक ठिकाणी लावायचा. उरला तर उरला.

राहिलं सामान. ‘सम लगेज’बद्दल बाई म्हणाल्या, “काही सामान. एक डाग असेल, चाळीस असतील, ‘सम’वरून काहीच सांगता येत नाही.” अकरा दिवस म्हणाले, “तिकडची माणसं मुलीसाठी घर उचलून आणतात. मोटारीत मावणार नाही, टेंपो करा.” मुलगा म्हणाला होता, मी रजा टाकून गाडीनं आणतो. पण काटेसाहेबांनी त्याला साफ सांगितलं, “व्याह्यांना आणायला मी जाणार. तू कामावर जा.” टेंपोबद्दल ते काही बोलले नाहीत.

विमानतळाच्या आवारात मालवाहू गाडी न्यायची तर परवाना लागतो, हे त्यांना फाटकावर कळलं. एका खिडकीमागे एक कारकून बसला होता. त्यानं मान वर न करता विचारलं, “माल काय?”

“लगेज.”

“नग किती?”

“सम,” काटेसाहेबांच्या तोंडून निघून गेलं.

“सम म्हणजे?”

“काही.”

“काही म्हणजे किती?” कारकुनानं आता मान वर केली, आणि भुवयाही.

 हा प्रश्न काटेसाहेबांचा होता. सूर त्यांचा होता, भुवयासुद्धा त्यांच्याच होत्या. उभ्या हयातीत त्यांनी तो शेकडो दुकानदारांना विचारला होता, आणि खिडकीच्या या बाजूला उभं राहून तो कसा ऐकू येतो, हे त्यांना आज कळत होतं.

“अंदाजे लिहा ना,” कारकून म्हणाला.

“अंदाजे? अंदाजे लिहिणाऱ्यांवर मी खटले भरलेत!”

“मग माझ्यावरही भरा. पण जरा बाजूला होऊन. मागे लाइन आहे.”

शेवटी जड अंतःकरणानं त्यांनी ‘बारा नग’ लिहिलं. आयुष्यातला हा त्यांचा पहिला अंदाज, आणि तो साफ चुकला. तासाभरानं व्याही आणि विहीणबाई बाहेर आले, तेव्हा दोघांच्या हातात मिळून दोन छोट्या बॅगा होत्या. व्याही उंच, शांत, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. विहीणबाई ठेंगण्या, हसऱ्या, शाळेच्या स्वयंपाकघरात शेकडो मुलांचं जेवण रांधणाऱ्या. दोघं इतक्या मोकळेपणानं हसली की काटेसाहेबांचा अर्धा ताण तिथेच उतरला. उरलेला अर्धा फाटकावर वाट बघत होता.

“कागदावर बारा आहेत,” पहारेकरी म्हणाला. “गाडीत दोन. बाकीचे दहा कुठे गेले?”

“नव्हतेच.”

“नव्हतेच, तर लिहिलेत कशाला?”

कारकून खिडकी सोडून बाहेर आला. पाठोपाठ त्याचा वरिष्ठ आला. दहा नगांची तूट! ज्या माणसानं अर्ध्या छटाकाच्या तुटीपायी लोकांची झोप उडवली, त्याच्या नावावर भरदिवसा दहा नगांची तूट निघाली होती.

“इज देअर एनी प्रॉब्लेम?” व्याह्यांनी हळूच विचारलं.

“देअर इज नॉट एनी प्रॉब्लेम,” काटेसाहेब म्हणाले. नकारात ‘एनी’ येतो हे बाईंनी शिकवलेलं होतं, आणि घामाच्या धारा लागलेल्या असतानाही त्यांनी ते बरोबर वापरलं. तेवढंच समाधान.

लेखी खुलासा देऊन सुटका झाल्यावर दुसरा पेच आला. टेंपोत पुढे चालकाशेजारी दोनच माणसं बसत होती. व्याही चालकाशेजारी ऐसपैस बसले, गिअरच्या दांड्याकडे प्रेमानं बघू लागले, आणि दोघांचं एकही शब्द न बोलता छान जमलं. त्यांच्या पलीकडे विहीणबाई बसल्या. मागच्या रिकाम्या हौद्यात मग दोन बॅगा आणि काटेसाहेब असा एकूण माल भरला गेला. गाडी वळली की बॅगा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जात आणि काटेसाहेब त्यांच्या मागोमाग जात. इमारतीपाशी गाडी थांबली तेव्हा स्वागताला जमलेल्या लोकांनी पाहुणे उतरताना बघितले. मग अकरा दिवस मागे जाऊन म्हणाले, “अरे वा, साहेब, तुम्हाला पण आणलं वाटतं!”

घरात आल्यावर मात्र, मुलगा आणि सूनबाई कामावरून यायच्या आतच, काटेसाहेबांचं मन भरून आलं. मन भरून आलं की माणूस आपल्याच भाषेत बोलतो. काटेसाहेबांनी त्यावर फक्त इंग्रजी शब्द चढवले. हात जोडून ते म्हणाले, “प्लीज स्टे फोर डेज. ईट टू बाइट्स विथ अस.” म्हणजे निवांत चार दिवस राहा, दोन घास आमच्याबरोबर खा. किती साधं, किती अगत्याचं बोलणं! व्याह्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं. विहीणबाईंनी मान हलवली, “थँक यू. फोर डेज.” रात्रीच्या जेवणात व्याह्यांनी दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला. एवढा धिप्पाड माणूस आणि चिमणीएवढा खातो, याचं काटेसाहेबांना नवल वाटलं. काकूंना मात्र ते पटलं नाही. काकूंना इंग्रजीतला एकच शब्द येत होता, तो म्हणजे ‘मोअर’, आणि तो त्या डाव हातात धरून उच्चारत. व्याही दोनदा ‘नो’ म्हणाले. काकूंनी दोन्हीदा वाढलं. व्याह्यांनी मग ताट असं स्वच्छ केलं की घासायची गरज राहिली नाही.

पुढचे दिवस बरे गेले, म्हणजे काकू आणि विहीणबाईंचे बरे गेले. दोघी स्वयंपाकघरात एकमेकींना बोटांच्या चिमटीनं मीठ दाखवत, मुठीनं पीठ दाखवत आणि मनमुराद हसत. ‘सम’, ‘अ लिट्ल’, ‘अ बिट मोअर’ असं विहीणबाई म्हणायच्या, आणि काकूंच्या हातून बरोबर तेवढंच पडायचं. काटेसाहेब दारात उभे राहून हा गैरव्यवहार बघत. एकदा त्यांनी विहीणबाईंना चहात साखर किती हवी ते विचारलं. ‘अ लिट्ल’ असं उत्तर आलं, म्हणून त्यांनी पाव चमचा घातली. ‘अ लिट्ल मोअर’ म्हटल्यावर पुन्हा पाव. असं करत करत दोन चमचे झाले, तेव्हा कुठे विहीणबाई ‘परफेक्ट’ म्हणाल्या. त्यांच्या ‘थोड्या’ची व्याख्या तयार झाली म्हणून काटेसाहेब खूश झाले. पण दुधाच्या वेळी ‘अ लिट्ल’ म्हणजे दोन थेंब निघाले, आणि पुन्हा सगळं मोडलं.

तिसऱ्या संध्याकाळी गच्चीवर पाहुण्यांचा सत्कार होता. कल्पना अकरा दिवसांची, माइक त्यांचाच, आणि भाषण काटेसाहेबांचं. ते त्यांनी चार वेळा आरशासमोर म्हटलं होतं. सूनबाईचं कौतुक त्यांना मनापासून करायचं होतं. ‘हिनं आम्हाला काही त्रास दिला नाही. हिच्यात दोष म्हणून नाहीत. आमच्या मुलावर हिचं प्रेम आहे यात शंकाच नाही.’ एवढं सरळ. इंग्रजीत हे सांगायला ‘लिट्ल’ आणि ‘फ्यू’ लागतात, हे त्यांना बरोबर माहीत होतं. आणि शुभ प्रसंग असल्यामुळे पुढे ‘अ’ लावायचा, हेही ठरलेलं होतं.

मुलगा आणि सूनबाई कामावरून यायचे होते. गच्ची भरली होती. काटेसाहेबांनी घसा खाकरला.

“लेडीज अँड जंटलमेन. द अंडरसाइन्ड इज व्हेरी हॅपी.” टाळ्या. मग त्यांनी थेट विहीणबाईंकडे बघितलं आणि जड आवाजात म्हणाले, “युअर डॉटर हॅज गिव्हन अस अ लिट्ल ट्रबल.”

तुमच्या मुलीनं आम्हाला थोडा त्रास दिला आहे. टाळ्या!

वरच्या मजल्यावरच्या बाई मागच्या रांगेतून ताडकन उठल्या. अकरा दिवसांनी त्यांना खाली बसवलं. “बाई, मध्ये बोलू नका. उच्चार बघा कसे आहेत!”

“शी हॅज अ फ्यू फॉल्ट्स,” काटेसाहेब पुढे म्हणाले. विहीणबाईंचं हसू तिथल्या तिथे थिजलं. काटेसाहेबांना वाटलं, विहीणबाईंना गहिवरून आलं. त्यामुळे त्यांचाही आवाज दाटला. “अँड आय हॅव अ लिट्ल डाउट दॅट शी लव्ह्ज माय सन.”

आणि तिचं माझ्या मुलावर प्रेम आहे, याबद्दल मला थोडी शंका आहे. या वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. व्याह्यांनीही दोनदा टाळी वाजवली, सवयीनं, आणि मग हात मांडीवर ठेवून दिले.

खाली उतरताना बाईंनी काटेसाहेबांना जिन्यात गाठलं. “काटेसाहेब, तुमचा तो ‘अ’…”

“आवडला ना?” काटेसाहेब म्हणाले, आणि पुढच्या माणसाचं अभिनंदन स्वीकारायला वळले.

सकाळी ते उठून बाहेर आले, तर दाराशी दोन बॅगा उभ्या. व्याही बूट घालून, कोट घालून खुर्चीच्या टोकावर बसलेले. विहीणबाई खिडकीतून खाली टॅक्सी आली का ते बघत होत्या. काकू स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक चुरगाळत उभ्या, मुलगा कोड्यात पडलेला, आणि सूनबाईचे डोळे लाल.

“हे काय? कुठे निघालात?” काटेसाहेबांच्या तोंडून मराठीच बाहेर पडलं.

“बाबा,” सूनबाई म्हणाली, “आई मला म्हणते, तू पण आमच्याबरोबर चल.”

“का?”

“मी तुम्हाला त्रास देते ना?”

“कोण म्हणालं असं? नाव सांग मला त्याचं!”

“तुम्ही म्हणालात. काल. माइकवर.”

काटेसाहेब मटकन खाली बसले. मुलाच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडत होता. त्यानं विचारलं, “बाबा, तुम्हाला ‘लिट्ल ट्रबल’ म्हणायचं होतं, की ‘अ लिट्ल ट्रबल’?”

“फरक काय, ‘अ’चाच ना? तो मी मुद्दाम लावला. चांगला दिसतो म्हणून.”

मुलानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलत होते, पण रडण्यानं की हसण्यानं हे सांगणं अवघड होतं.

“थांब,” काटेसाहेब म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. “म्हणजे काल मी चारचौघांत म्हणालो, की ही आम्हाला थोडा त्रास देते?”

“हो.”

“आणि हिच्यात काही दोष आहेत?”

“हो.”

“आणि हिचं तुझ्यावर प्रेम आहे की नाही, याची मला शंका आहे?”

“हो, बाबा.”

“आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या?”

“सगळ्यांनी,” काकू म्हणाल्या. “मी पण.”

काटेसाहेब उठले. त्यांना आयुष्यात असं कधी वाटलं नव्हतं. चुकीचं माप वापरून गिऱ्हाइकाला फसवणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते, पण त्यांनी स्वतः घरच्या मुलीला खोट्या मापानं मोजलं होतं, तेही तिच्या आईबापांसमोर. ते विहीणबाईंपुढे जाऊन ताठ उभे राहिले, कोर्टात साक्षीला उभे राहत तसे. अडचणीच्या वेळी सोबतीला त्यांचं जुनं खात्याचं इंग्रजीच धावून आलं.

“मॅडम. आय हिअरबाय विथड्रॉ द अफोरसेड ‘अ’.” मग जरा थांबून, कुठे पळवाट राहू नये म्हणून, “ऑल थ्री.”

मी तो ‘अ’ मागे घेतो, तिन्ही ठिकाणचा. क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग व्याह्यांच्या छातीतून, बसचं इंजिन सुरू व्हावं तसा, घुर्रर्र आवाज यायला लागला. ते हसत होते. विहीणबाईंनी “ओह!” असं म्हणून तोंडावर हात ठेवला, मुलीकडे पाहिलं, आणि त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

“पण मग निघालात कशाला?” काटेसाहेबांनी सुनेमार्फत विचारलं. “अ फ्यू डेज म्हणाला होतात ना?”

“आम्ही तीन आठवडे राहणार होतो,” व्याह्यांचं बोलणं सूनबाईनं सांगितलं. “पण तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, चार दिवस राहा. आज चौथा.”

“अगं, चार दिवस म्हणजे… चार दिवस!” काटेसाहेब म्हणाले.

“म्हणजे किती, बाबा?”

काटेसाहेब बोटांवर मोजायला लागले.  चार दिवस म्हणजे आठवडा, पंधरवडा, महिना, मन भरेपर्यंत. चार सोडून काहीही.

“मला माहितीय,” सूनबाई डोळे पुसत हसली. “मी नवीन आले तेव्हा आई म्हणायच्या, दोन घास खाऊन घे. मी मोजून दोन घास खायचे आणि उपाशी झोपायचे. पहिला आठवडा असाच गेला. हा म्हणायचा, पाच मिनिटांत निघू, की मी बूट घालून दारात तासभर उभी. आणि तुम्ही एकदा म्हणालात, चार लोक काय म्हणतील. मी कितीतरी दिवस शोधत होते, हे चार लोक कोण? खालचे काका एक, वरच्या बाई दोन… बाकीचे दोन मला सापडलेच नाहीत.”

“अगं बाई! उपाशी?” काकू धावल्या आणि त्यांनी सुनेला जवळ घेतलं. “मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, इथे कमीच खातात.”

काटेसाहेबांनी मनातल्या मनात पंचनामा केला. इंग्रजांचं माप खोटं म्हणून ते महिनाभर कुरकुरत होते. त्यांच्या शब्दांवर निदान आकडा तरी नव्हता. आपल्या घरात मात्र प्रत्येक मापावर ठसठशीत आकडा होता, आणि आत माल वेगळाच. ही पोर वर्षभर त्या मापांनी घेत राहिली आणि एकदाही तिनं तक्रार केली नाही.

खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला. मुलगा त्याला परत पाठवायला पळाला. काकूंनी दोन्ही बॅगा उचलून आतल्या खोलीत नेल्या. विहीणबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या मनात अजून काहीतरी राहिलं होतं. त्या काटेसाहेबांजवळ आल्या आणि हळू, सुट्या सुट्या शब्दांत म्हणाल्या, “सो… शी हॅज फ्यू फॉल्ट्स?” म्हणजे आता ‘अ’ नाही. म्हणजे माझ्या मुलीत दोष नाहीतच ना?

होकार द्यायचा आणि मोकळं व्हायचं, एवढाच प्रश्न होता. मुलगी समोर उभी, आई समोर उभी. कोणीही होकार दिला असता. पण काटेसाहेबांना विचारलं होतं प्रमाण, आणि प्रमाण विचारल्यावर त्यांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. सूनबाईनं डोळ्यांनी खुणावलं, हो म्हणा.

“नो,” काटेसाहेब म्हणाले. “मेनी.”

 काकू आतल्या आत म्हणाल्या, झालं, परत सुरू.

“कप्स,” काटेसाहेबांनी सुरुवात केली. “टी कप्स. ऑन एव्हरी विंडो. हाफ टी इनसाइड.”

विहीणबाईंचे डोळे विस्फारले. “ऑन द विंडो!” त्या ओरडल्या. “ऑल्वेज! सिन्स शी वॉज अ चाइल्ड!”

“सिक कॅट. इन माय क्लोद्स बास्केट.”

“विथ अस, अ हेजहॉग! इन द बाथ!” हा साळिंदराचा धाकटा भाऊबंद कोण ते काटेसाहेबांना कळलं नाही, पण आंघोळीच्या टबात तो नको होता एवढं कळलं, आणि त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली.

“लिड!” काकू आतून धावत आल्या. डब्यांची झाकणं हा त्यांचा जुना सल होता आणि तो सांगायला इंग्रजी आपोआप सुचलं. “नो लिड! नेव्हर लिड!”

“नेव्हर!” विहीणबाईंनी काकूंचे दोन्ही हात धरले. त्या आता खळखळून हसत होत्या. जी माणसं नुसतं कौतुक करतात त्यांना आपली पोर ठाऊक नसते, हे कोणत्याही आईला कळतं. इथे तिची खिडकीतली कपबशी ठाऊक होती. व्याह्यांनी बूट काढले, पाय पसरले आणि स्वतःची भर घातली, की ही गाणं म्हणते तेव्हा एकच ओळ म्हणते. काटेसाहेब उत्साहानं म्हणाले, “येस! अँड राँग!”

सूनबाई कमरेवर हात ठेवून मधोमध उभी होती. कान लाल झाले होते, पण चेहऱ्यावरचं हसू लपत नव्हतं.

“पुरे!” ती मराठीत ओरडली. “आता पुरे!”

विहीणबाई थांबल्या आणि काटेसाहेबांकडे वळल्या. “व्हॉट इज पुरे?”

काटेसाहेबांनी क्षणभर विचार केला. काकूंच्या हातातला डाव आठवला, दोनदा ‘नो’ म्हणणारे व्याही आठवले, आणि आपल्या घरात या शब्दाचा प्रत्यक्ष वापर कसा होतो ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

“इट मीन्स,” ते म्हणाले, “प्लीज, मोअर.”